द्वादशीचा पहारा

चिंचदरी, जि. वाशीम
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. सुचिता,

आशीर्वाद तुला नित्याचेच आहेत. क्षेमकुशल मात्र या खेपेस पहिल्या ओळीत लिहिता येत नाही, म्हणून ते राहू दे. हे पत्र टपालात न टाकता वाशीमहून पुण्यास जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या चालकाच्या हाती देत आहे. मिळाल्यावर मला फोन करू नकोस. जे विचारायचे ते कागदावर विचार.

शनिवारी तुझ्या मालिकेचा तो भाग आमच्या पडवीत वीस माणसांनी पाहिला. ‘भाचीनं लिवला हाय’ असे तुझी मामी दोन दिवस गावभर सांगत होती. तुझ्या कथेतील तो निरपराध शिक्षक, त्याचे प्रत्येक बोलणे ऐकणारे ते अधिकारी, भिंतभर पडद्यांवर त्याचे चालणे, जेवणे, निजणे, आणि शेवटी त्याने फोन नदीत भिरकावून अंधारात नाहीसे होणे, हे सारे तू सामर्थ्याने लिहिले आहेस यात संशय नाही. पाहणाऱ्यांत बादल आणि त्याची पत्नी अंजू ही होती. तू त्यांना ओळखत नाहीस. तांड्यावरच्या बाबूसिंगांचा हा मुलगा. दरवर्षी ऊसतोडीला जातो, पण यंदा अंजूला दिवस गेल्यामुळे दोघे येथेच राहिली आणि आपल्या मळ्यात मेथीच्या आणि सांभाराच्या, तुमच्या पुण्याकडच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधू लागली. मुलगा सात्त्विक आहे, गळ्यात माळ आहे.

आता मूळ गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या चौकात सरकारी योजनेतून कॅमेरा लागला. त्याचे तोंड तांड्याच्या नळाकडे आहे. तेथे बायका पाणी भरतात, मुलांना न्हाऊ घालतात. बादलने दिवाळीपूर्वी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, ‘कॅमेऱ्याचं तोंड फिरवावं’. तोंड फिरले नाही. अर्जावरचे नाव मात्र लक्षात राहिले. पुढे सप्ताहात, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीस, म्हणजे गेल्या मंगळवारी, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान कोणीतरी तो कॅमेरा फोडला; बाराला लोकांनी तो धड पाहिला होता, दोनला फुटलेला. पोलीस दोनदा येऊन बादलला विचारून गेले.

अशा मनःस्थितीत त्याने तुझा तो भाग पाहिला. माणसे उठल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, ‘‘गुरुजी, हे खरं असते काय? फोन बंद केला तरी थे आयकतेत?’’

मी पोथीतला माणूस. या विषयात मला काडीचे ज्ञान नाही. तरी बोललो, ‘‘बाबा रे, ज्याला सर्व ऐकू येते असा एक आहेच. आता सरकारलाही येत असेल.’’ मला ते सुभाषित वाटले. त्याला तो पुरावा वाटला. रविवारी पहाटे त्याने आपला फोन शेततळ्यात टाकला. सोमवारी पोलीस पुन्हा आले, फोन मागितला, आणि ‘निर्दोष माणूस फोन पाण्यात टाकतो काय?’ असे म्हणून त्याला घेऊन गेले.

तो म्हणतो, द्वादशीच्या दुपारी मी मंदिरात वीणा घेऊन उभा होतो. सप्ताहात सात दिवस वीणा भूमीला टेकत नाही, हे तू लहानपणी पाहिले आहेस. दोन-दोन तासांचे पहारे असतात आणि पहारेकऱ्यांची यादी गेली एकतीस वर्षे मी लिहितो. पोलिसांनी वही मागितली. मी दिली, त्यांनी त्या पानाचा फोटो काढून परत केली. द्वादशी, दुपारी बारा ते दोन, या ओळीत नाव आहे शेषराव पाटलांचे.

तू या विषयाचा अभ्यास केला आहेस. अशा वेळी निरपराध माणूस कसा सुटतो ते मला कळव. तुझ्या कथेतला सुटतो तसा नव्हे, खरोखर.

तुझा,
बापूराव

•

पुणे
शुक्रवार, १२ डिसेंबर

ती. मामा,

तुमचे पत्र दोनदा वाचले. नमस्कार शेवटी करते, आधी कामाचे लिहिते.

वाशीमच्या वकीलबाईंचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. त्यांच्याशी बोलले आहे, हो, फोनवरच बोलले, रागावू नका. त्यांनी चौकशी केली. बादलवर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल झाला आहे. जामिनासाठी त्यांना एकच गोष्ट हवी: त्या दोन तासांत बादल मंदिरात होता असे सांगणारा, त्याच्या घरचा नसलेला एक माणूस. एकच पुरे, म्हणाल्या.

मामा, एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही पाहिलात तो शेवट माझा नव्हे. मी लिहिलेल्या शेवटात तो शिक्षक पळत नाही. त्याच्या गल्लीतल्या देवळात पुराण सांगणारे एक वृद्ध गृहस्थ असतात. ते न्यायालयात जाऊन म्हणतात, ‘त्या वेळी हा माझ्यासमोर होता. मी पाहिले आहे.’ एवढ्यावर सगळी यंत्रणा कोसळते. वाहिनीच्या लोकांनी ते वाचले आणि हसले. ‘ताई, साक्षीदार असे स्वतःहून पुढे येत नसतात. प्रेक्षकाला पटणार नाही. त्यापेक्षा फोन नदीत टाकू.’ मी तीन दिवस भांडले आणि चौथ्या दिवशी फोन नदीत टाकला. ते वृद्ध गृहस्थ मी कोणावरून लिहिले होते, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून विचारते. यादीत शेषरावांचे नाव असेल, पण माणूस यादीत वेगळा आणि उभा वेगळा असू शकतो. सप्ताहात दुपारची पोथी तुम्हीच वाचता. मग द्वादशीला बारा ते दोन तुम्ही मंदिरातच असाल ना? तुम्हाला कोण दिसले?

मामींना आणि तुम्हाला नमस्कार.

सुचिता

•

चिंचदरी
सोमवार, १५ डिसेंबर, वद्य एकादशी

चि. सुचिता,

तुझे पत्र काल सायंकाळी मिळाले. वकीलबाईंचा पत्ता बाबूसिंगांकडे पोहोचवला. सोनीबाई, म्हणजे बादलची आई, दारातच बसून होती. तिने उठून पाणी दिले. ते पिताना मला उशीर लागला.

तू विचारले आहेस त्याचे उत्तर देतो. पोथी वाचणाऱ्याची दृष्टी अक्षरावर असावी, अन्यत्र नसावी, असा दंडक आहे. मंडपात कोण आले, कोण गेले, याची नोंद ठेवणे हे वाचकाचे काम नव्हे. त्यासाठीच यादी असते. आणि यादी हा केवळ कागद नव्हे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ज्याने देवासमोर नारळावर हात ठेवून पहारा पत्करला, त्याचे नाव तेथे असते. तो संकल्प आहे. मागाहून खाडाखोड करण्याची आमच्याकडे रीत नाही.

शेषरावांना मी भेटलो. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, दोन तास खडा उभा होतो म्या. तुमची वही काय खोटं बोलते?’’ त्यांच्या अंगणात चार माणसे बसली होती. काल्याचा महाप्रसाद त्यांच्या घरचा असतो. आपल्या मळ्याला पाणी त्यांच्याच विहिरीवरून येते, हेही तू जाणतेस. मी ‘वही खोटे बोलत नाही’ असे म्हणून परत आलो.

सुचिता, मला झोप नाही. लहानपणापासून मी एकच गोष्ट शिकवली आणि शिकलो, की मनुष्य कधीही एकटा नसतो. अंतर्यामी बसलेला साक्षी सर्व पाहतो. त्या पाहण्याचा मला कधी धाक वाटला नाही, उलट आधार वाटला. मग त्या खांबावरच्या यंत्राचे पाहणे इतके भयंकर का वाटावे? मी विचार करतो आहे. कदाचित असे असेल, की तो पाहतो तेव्हा जाणतो, आणि हे यंत्र नुसतेच पाहते. जाणण्यासाठी त्याला माणसाची गरज पडते, आणि तो माणूस कसा निघेल हे कोणी सांगावे?

तुझी मामी माझ्याशी धड बोलत नाही. आज फराळाचे ताट पुढे सरकवून म्हणाली, ‘‘तुमचं एक बरं हाय. पोथी उघडी अन् तोंड बंद.’’ वय झाले की स्त्रियांना एकादशीचा उपवास सोसत नाही, असे समजून मी गप्प राहिलो.

वकीलबाईंना दुसरा काही मार्ग दिसतो का, ते विचार.

बापूराव

•

पुणे
बुधवार, १७ डिसेंबर

मामा,

काल मला एक पत्र आले. पत्ता मामींनी दिला होता, हे आधीच सांगते. तुम्हाला त्यांच्यावर रागवायचे असेल तर माझ्यावरही रागवा. पत्राची नक्कल जशीच्या तशी खाली देते आहे.

‘ताईले नमस्कार. मी अंजू. बादलची घरवाली. आठवी शिकली, चुकलं त माफ करा. तुमच्या टीव्हीमुळं झालं असं म्हनून मी तुमाले शिव्या देल्या, थ्याही माफ करा. हौसामामी म्हनल्या सारं लिहून दे, म्हून लिहितो.

बारशीले, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, आमी दोघं देवळात मेथीचा डालगा घेऊन गेलो, भाजीसाठी. बारा वाजून गेले होते. मांडवात कोनीच नोतं, सारे पारन्याच्या पंगतीले बसले होते. पाटील वीणा घेऊन होते. थे गुरुजीले म्हने, पाच मिनिटं धरा, उपास लागला, मी दोन घास खाऊन येतो. गुरुजी पोथी वाचून राह्यले होते. पोथी बी मधात सोडता येत नाही अन् वीणा बी खाली ठेवता येत नाही. मंग गुरुजींनी याईले बोलावलं. म्हने, बादल, हात धू. पोथीवर एक हात ठेवूनच उठले अन् पाटलाच्या गळ्यातली वीणा काढून याईच्या गळ्यात घातली. अन् रीत असते तसा याईच्या पायाले हात लावला. एवढा मोठा मानूस. मले रडू आलं. मी घरी येऊन सासूले सांगतलं, सासूनं सारा तांडा गोळा केला.

पाटील पावने दोनले आले, हात पुसत, अन् वीणा वापस घेतली; हे मांडवातच बसून राह्यले. दोन वाजता दुसरा मानूस आला, थ्याले वीणा घेतलेले पाटीलच दिसले.

मी पोलिसाले सांगतलं. थे म्हने, तू त बायको आहे त्याची, तू त सांगनच. मी म्हनलं, गुरुजीले इचारा. थे म्हने, इचारलं, गुरुजीनं वही देल्ली.

ताई, मी सातव्या महिन्यात हाय. याईले कोठडीत जेवन जात नाही म्हनते. गुरुजी वाईट नाहीत. थे काहून बोलून नाही राह्यले, थे तेवढं तुमी इचारा.’

मामा, मी विचारते आहे.

सुचिता

•

चिंचदरी
बुधवार, २४ डिसेंबर

चि. सुचिता,

तुझे पत्र शुक्रवारी सकाळी मिळाले आणि मी ते मळ्यात उभ्यानेच वाचले. त्या मुलीने पाहिले ते अक्षरशः खरे आहे. एवढेच तिने लिहिले नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हते: त्या सायंकाळी वही उघडून मी त्या ओळीसमोर बराच वेळ बसलो होतो. खाली बादलचे नाव लिहावे असे मनात आले होते. लिहिले नाही. संकल्प, दंडक, खाडाखोड, असे मी तुला लिहिले. ते सर्व शास्त्र मला त्या क्षणी आठवले नव्हते. त्या क्षणी एवढेच मनात आले, की वही काल्याच्या दिवशी शेषरावांच्या घरी वाचली जाते, आणि तांड्यावरच्या पोराच्या हाती वीणा देऊन पाटील जेवायला गेले हे त्यांच्याच अंगणात मी कसे वाचू? तेव्हा गुन्हा दाखल नव्हता, पोलीस नव्हते. तरीही मी ते नाव गाळले. पुढचे सारे मौन त्याच एका मौनाचे वाढलेले व्याज होते.

तुझ्या मामीला मी पत्र वाचून दाखवले. ती पितळी घासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मले काय वाचून दाखोता? म्याच त्या पोरीले शाई-कागद देल्ला. धोतर धुतलं हाय, नेसा अन् निंघा.’’ मी म्हटले, ‘‘उद्यापासून पाणी बंद होईल.’’ ती म्हणाली, ‘‘मंग मेथी वाळन. वाळू द्या. पोराले बाप लागते, मेथी नाही.’’

बसने निघालो. ठाण्यातील अधिकारी तरुण होते, आदराने वागले. मी सर्व सांगितले. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमच्या वहीत तर दुसरंच नाव आहे. वही खरी का तुम्ही खरे?’’ आयुष्यभर लिहिलेल्या अक्षराच्या विरुद्ध मला बोलावे लागले. म्हणालो, ‘‘वही माझी आहे आणि ती त्या ओळीत खोटी आहे. वीणा मी माझ्या हाताने बादलच्या गळ्यात घातली. दोन वाजेपर्यंत तो माझ्यासमोर होता. मी पाहिले आहे.’’ तुझ्या वाहिनीच्या लोकांनी हसून काढून टाकलेले वाक्य तेच होते, हे मला परतीच्या बसमध्ये स्मरले.

मग मी एक प्रश्न विचारला, जो कोणीच विचारला नव्हता. ‘‘साहेब, तो कॅमेरा फुटण्यापूर्वी काय पाहत होता? फोडणारा त्यात दिसला असेल की.’’ ते थोडे संकोचले. म्हणाले, ‘‘त्यात काही नाही. सप्ताहाच्या भोंग्यासाठी तुमच्याच मंडळींनी त्याचा प्लग काढला होता. सात दिवस बंदच होता.’’

सुचिता, ज्याच्या भीतीने त्या मुलाने फोन बुडवला, ज्याच्यापायी त्याला कोंडले, त्याने त्या दुपारी काहीही पाहिले नव्हते. पाहिले होते ते मी.

जबाब लिहून झाला, मी सही केली. वकीलबाईंनी तो न्यायालयात दिला. सोमवारी बादल सुटला. गुन्हा अद्याप कागदावर आहे. तो निघण्यास वेळ लागेल असे त्या म्हणतात. कॅमेरा कोणी फोडला हे कोणालाच ठाऊक नाही. सोनीबाई म्हणते, ‘‘वानरं काय कमी हायत गावात?’’ काय असेल ते असो.

शेषराव माझ्याशी बोलत नाहीत. मळ्याचे पाणी शनिवारीच बंद झाले. मेथी माना टाकू लागली आहे. रविवारी बैठक होऊन सप्ताहाची व्यवस्था दुसऱ्याकडे गेली. वही सोपवण्यापूर्वी एक दिवस मागून घेतली, आणि काल बादल मळ्यात आला तेव्हा ती घेऊन बसलो.

तो खंगला आहे. बोलतो कमी. चौकातून जाताना दुपट्टा तोंडावर ओढतो, असे अंजू सांगत होती. नवा कॅमेरा बसला आहे आणि त्याचे तोंड नळाकडेच आहे. मी त्याला म्हणालो, ‘‘बादल, तुझे पुरे नाव सांग. ओळीखाली लिहायचे आहे.’’

तो मागे सरकला. ‘‘नको गुरुजी. नाव नका लिवू. अर्जावर नाव लिवलं त पोलीस आले. माहं नाव कुठंच नको.’’

मी लेखणी खाली ठेवली. त्याला आग्रह करण्याचा अधिकार मला उरलेला नव्हता. मग अंजू जुडी बांधता बांधता म्हणाली, ‘‘लिवू द्या हो. तुमाले नसन लागत, त्याईले लागते.’’

त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, ‘‘लिवाचं तं मंग पुरं लिवा. वीणा कोनं देल्ली थेही लिवा.’’

मी लिहिले. ‘द्वादशी, दुपारी बारा ते दोन. शेषराव पाटील पहारा सोडून गेले. वीणा देणार बापूराव. घेणार बादल बाबूसिंग आडे.’ शाई वाळेपर्यंत त्याने वही हाती धरली. वाचून परत दिली आणि मेथीच्या वाफ्याकडे वळला. दोन घागरी घेऊन तो आणि अंजू नळावरून पाणी आणत आहेत. मी नको म्हटले तरी ऐकत नाहीत. जेवढी जगेल तेवढी जगेल.

कॅमेऱ्याचे तोंड फिरवण्यासाठी नवा अर्ज लिहिला आहे. त्यावर पहिले नाव माझे, दुसरे हौसाबाईचे. तिसरी ओळ रिकामी ठेवली आहे. तेथे कोणी सही करील न करील.

या पत्राचे उत्तर तू फोनवर दिलेस तरी चालेल. ज्यांना ऐकायचे असेल ते ऐकोत.

तुझा,
बापूराव